चौतीस दाते

3 सप्टेंबर 2018, मसोली

शाळेत आम्हाला रोज इंग्रजीत डायरी लिहावी लागे आणि शनिवारी सिस्टर बर्नाडेट ती वाचत. त्यामुळे सगळ्या मुलींच्या डायरीत हवामान आणि प्रार्थना एवढंच असे. मनातलं काही असलं तर मी ते शेवटच्या पानांवर मराठीत लिहायची, कारण सिस्टरना मराठी वाचता येत नसे. आता बासष्टावं चालू आहे, तरी मराठी वही उघडली की मागे कुणी उभं नाही ना, हे आधी बघते. आकडे मात्र हाताला अजून इंग्रजीच येतात.

आज वही उघडायचं कारण अमृतची सायकल. (समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. वहीत तो अमृत.) पांड्या रिक्षावाल्याने आणि कामाला येणाऱ्या कमळीने ती वाडीतल्या शेडमधून, चिकूच्या पेट्यांच्या मागून बाहेर काढली. कमळीने गोणपाटाने पुसली तेव्हा खालून तोच निळा रंग निघाला. इटालियन रेसिंग सायकल. लग्नानंतर दोन वर्षांनी घोलवडच्या एका इराणी मुलाकडून घेतलेली. मुळात ती अमृतला एक माप लहानच होती, पण तेव्हा मिळाली ती घेतली आणि सीट नळीच्या टोकापर्यंत चढवून चालवली. दर रविवारी कोसबाडची टेकडी चढून उतरून यायचा, आणि मी दारात उभी राहून त्याच्या चेनचा आवाज ओळखायची.

अमृतच्या कंपवाताला तीन वर्षं झाली. चालताना मध्येच पाय जमिनीला चिकटतात. परवा डॉक्टर म्हणाले, अशा काही पेशंटांना चालता येत नाही, पण सायकल छान मारता येते. मी ते वाक्य घट्ट धरलं. अमृत एवढंच म्हणाला, “आधी सायकलला बरं करा.”

9 सप्टेंबर

तलासरीला जाऊन आले. तिथे जतीनभाई आहेत, वीस वर्षं मुंबईत रेसच्या सायकली बांधून आता गावी दुकान टाकलेले. अमृत म्हणाला, “तूच जा. मला एवढं बसवत नाही. आणि नुसती सायकल ठेवून येऊ नकोस, तो काय करतो ते नीट शिकून ये.”

दोन वर्षांत मी एकटी डहाणू स्टेशनच्या पलीकडे गेले नव्हते. पांड्याच्या रिक्षात मागे सायकल, तिच्या चाकाला धरून मी.

जतीनभाईंनी सायकलीभोवती एक फेरी मारली. “फ्रेम सोनं छे. बाकीचं म्युझियममध्ये द्या, भाभी.”

अडचण अशी. जुन्या सायकलीत गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर असतात. गिअर बदलायला हँडलवरचा हात सोडून वाकावं लागतं. अमृतला ते आता शक्य नाही. म्हणून हँडलवरच, ब्रेकच्या मुठीतच गिअर असलेले नवे लिव्हर हवेत. पण नवे लिव्हर जुन्या गिअरशी बोलत नाहीत. गिअर नवे घेतले तर मागचं चाक नवं हवं. नवं चाक रुंद, 130 मिलिमीटर, आणि फ्रेमला मागे जागा 126.

“असंच असतं,” जतीनभाई म्हणाले. “सून आणली की तिच्या माहेरचं सगळं येतं. एकटी नाही येत.”

“मग काय करायचं?”

“घर थोडं मोठं करायचं ने.”

परत येताना एसटीने आले. खिडकीची जागा मिळाली.

21 सप्टेंबर

मयुराचं पार्सल आलं. आमची लेक बंगलोरला असते. तिच्या ऑफिसातल्या एकाने सायकल बदलली, त्याचे उतरवलेले नऊ गिअरचे सगळे भाग तिने पाठवले. डब्यात कागदात गुंडाळलेल्या वस्तू एकेक काढताना मुंजीची भांडी काढल्यासारखं वाटत होतं. मागचा गिअर हलवणारा हात तेवढा मोडका निघाला. फोनवर जतीनभाई म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा आणू नका, एका कंपनीची टिचकी दुसरीला कळत नाही, दर गिअरला चेन अर्ध्यावर लटकेल.

अमृतने दोन्ही लिव्हर मांडीवर घेऊन दुपारभर टिचक्या वाजवल्या.

6 ऑक्टोबर

आज घर मोठं केलं. म्हणजे फ्रेम. जतीनभाईंनी ती आडवी बांधली आणि मागच्या चिमट्यात लाकडी फळी घालून हळूहळू दाबली. डावीकडे दोन मिलिमीटर, उजवीकडे दोन. पोलाद असल्यामुळे ऐकते म्हणाले, ॲल्युमिनियम असती तर हात लावला नसता. नंतर पुढच्या नळीपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून मधलं अंतर मोजायचं, म्हणजे फ्रेम एका अंगाला झुकली का ते कळतं. दोरा मी धरला. डावीकडे एक मिलिमीटर कमी भरलं. पुन्हा फळी, पुन्हा दोरा. चार वेळा.

घरी येऊन हे सगळं अमृतला सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. झोपला असं वाटून मी थांबले, तर म्हणाला, “दोरा ओला होता की कोरडा?”

“कोरडा.”

“मग ठीक.”

17 ऑक्टोबर

जतीनभाईंनी राहिलेल्या वस्तूंची चिठ्ठी दिली. मी मुंबईच्या दुकानात फोन करून वाचून दाखवली: मागचा गिअरचा हात, नऊची चेन, ब्रेकच्या वायरी, आणि पुढे पायडलजवळ लागणारी लहान चकती, पाच बोल्टांची, 38 दात्यांची. दुकानदाराने विचारलं, “मॅडम, कोणासाठी?” मी म्हटलं, आमच्या यजमानांसाठी. “अच्छा, रायडर आहेत,” तो म्हणाला. मी होय म्हटलं. खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं.

18 नोव्हेंबर

सायकल घरी आली. निळी फ्रेम, चंदेरी चाकं. जतीनभाईंनी ती मागचं चाक उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर, घरापुढच्या ओट्यावर उभी केली. पांड्याने आणि मी अमृतला वर बसवलं. पहिला पाय मी पायडलवर ठेवला, दुसरा त्याने स्वतः ठेवला.

आणि तो पायडल मारायला लागला. अगदी सहज. दोन मिनिटांनी माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. हात हलत नव्हता. तीन वर्षांत तो हात मी जागेपणी स्थिर पाहिला नव्हता. 

पांड्या म्हणाला, “काका, तलासरी आलं, उतरा आता.”

25 नोव्हेंबर

धुंदलवाडीकडे जमीन हलते आहे. दोन-तीन आठवडे झाले, आज आम्हालाही जाणवलं. मांडणीवरच्या कपबश्या वाजल्या. मी स्वयंपाकघरातून धावत ओट्यावर आले तर अमृत सायकलवरच होता. दोन्ही हात वर करून म्हणाला, “आज मी नाही.”

किती दिवसांनी आम्ही दोघं इतके हसलो. कमळी अंगणातून बघत राहिली, या दोघांचं काही खरं नाही अशा नजरेने.

16 डिसेंबर

आज सायकल स्टँडवरून उतरवली. वाडीतल्या वाटेवर, चिकूच्या दोन रांगांमधून. पांड्या एका बाजूला, मी दुसऱ्या. अमृत बारा-पंधरा पावलं सरळ गेला, आम्ही हात सोडले होते. शेवटच्या झाडाशी वळायचं होतं, तिथे त्याने पाय टाकला आणि उभा राहिला. बराच वेळ तसाच, पाठमोरा.

“काय झालं?”

“ब्रेक घट्ट आहे,” म्हणाला.

मी नंतर ब्रेक दाबून पाहिला. मला नाही घट्ट वाटला. पण माझे हात चिकू निवडलेले, मला काय कळणार.

उद्या पुन्हा करू म्हटलं तर म्हणाला, आता थंडीत नको.

23 डिसेंबर

त्याने जतीनभाईंना फोन केला. आवाज फार बारीक झालाय हल्ली, मला शेजारी बसूनही पुरतं ऐकू आलं नाही. मग मला म्हणाला, “पुन्हा एकदा तलासरीला घेऊन जा. हँडल जवळ घ्यायचंय.”

हँडल पुढे धरून ठेवणारी जी मान असते तिला स्टेम म्हणतात. 11 सेंटिमीटरची काढून 8 ची लावली. जुन्या काळच्या हँडलची जाडी आणि नव्या स्टेमचं भोक यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. मी घरून जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन गेले होते. मोजून सांगितलं तेव्हा जतीनभाईंनी तोंडात घालायचं पान बाजूला ठेवलं. “भाभी, तुम्हाला कामावर ठेवतो.”

सीटही बरीच खाली आणली. बरोबरच आहे. या आजारात माणूस वाकतो, आखडतो. उंची कमी झाली असणार त्याची. वाईट वाटलं, पण सायकल त्याच्या मापाची होते आहे याचं बरंही वाटलं.

फक्त एक कळत नाही. खाली आणलेल्या सीटवर बसून तो पायडल मारतो तेव्हा गुडघे फार वर येतात. विचारलं तर म्हणाला, “असंच बरं वाटतं.”

11 जानेवारी 2019

गंमत झाली. ब्लाऊज आणायला संगिताकडे गेले होते. माझे कपडे गेली पंधरा वर्षं तीच शिवते. ब्लाऊजची पिशवी देताना बोलून गेली, “मॅडम, मागच्या महिन्यात काकांचा फोन आला होता, तुमचं माप मागत होते.” आणि मग जीभ चावली.

“कसलं माप?”

“जाऊ दे ना, मॅडम. मला सांगू नको म्हणाले.”

“आता सांगितलंच आहेस.”

“पायाचं, आतून. आणि हाताचं, खांद्यापासून. खांदा पण.”

पुढच्या महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होतात. पंजाबी ड्रेस असणार, नाहीतर पँट. कॉलेजात मी एकदा बेलबॉटम घातली होती, ती त्याने पाहिली होती म्हणे. या माणसाला अजून असं सुचतं. मी कळल्याचं दाखवणार नाही.

12 फेब्रुवारी

चाळीस वर्षं. सकाळी त्याने स्वतः चहा केला, अर्धा ओट्यावर सांडला, अर्धा आम्ही प्यायलो. मयुराचा फोन आला. दुपारी पुरणपोळी.

ड्रेस आला नाही. मी दिवसभर फाटकाकडे बघत होते. शिवून झाला नसेल. संगिताकडे लग्नसराईचं काम असतं.

संध्याकाळी जतीनभाईंच्या माणसाने एक पाकीट आणून दिलं. मी घाईने उघडलं. आत सायकलची सीट होती. आखूड, मागे रुंद, जांभळी शिवण. चुकून आलेली दिसते. अमृत झोपला होता म्हणून विचारलं नाही. परवा जाऊन बदलून आणते.

14 फेब्रुवारी

सीट घेऊन तलासरीला गेले. जतीनभाई म्हणाले, “चुकीची कशी, भाभी? लेडीजची सीट लेडीजला.”

“कोण लेडीज?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. “साहेबांनी तुम्हाला सांगितलं नाय अजून? मला वाटलं बारा तारखेला सांगणार.”

गल्ल्यातून त्यांनी डिसेंबरात आलेलं एक कार्ड काढलं. संगिताचं अक्षर: पाय आतून 30, हात 22, खांदा 15. त्याखाली अमृतचं. हल्ली त्याचं अक्षर मुंगीएवढं झालंय, ओळीच्या शेवटी तर अजूनच बारीक. चष्मा लावून वाचलं. ‘सायकल या मापाची करा. हिराला आत्ता सांगू नका, नाही म्हणेल.’

स्टेम. सीट. गुडघे.

एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं. सप्टेंबरपासून मी त्याला एकेक वस्तू जोडून सायकलवर चढवत होते, आणि तो डिसेंबरपासून गुपचूप उतरत होता.

15 फेब्रुवारी

काल घरी आल्यावर झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

“त्या दिवशी ब्रेक घट्ट नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग?”

“वळायचं होतं. डोकं वळलं, हात वळले नाहीत.” मग म्हणाला, “रस्त्यावर समोरून जीप आली तर कोण थांबेल, हिरा? मी तर नाही.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तू तलासरीला गेली असतीस?”

“मी तुमच्यासाठी जात होते.”

“हो ना. म्हणून तर नाही सांगितलं.”

मी उठून आत गेले. आज दिवसभर बोलले नाही. म्हणजे औषधं दिली, शर्टाची बटणं लावली, पाठीला तेल लावलं. फक्त बोलले नाही.

17 फेब्रुवारी

अजून राग आहे. पण कशाचा ते मांडायला बसलं की नीट मांडता येत नाही. त्याने मला फसवलं याचा नाही. त्याने ठरवून टाकलं, याचा. पुन्हा रस्त्यावर जायचं नाही हे त्याने एकट्याने, चिकूच्या झाडाशी पाठमोरं उभं राहून ठरवलं, आणि मी मागे उभी राहून ब्रेकचा विचार करत होते.

सायकलवर जुनी चादर टाकली आहे.

20 फेब्रुवारी

सकाळी धूळ झटकायला म्हणून चादर काढली. जांभळी सीट लावून बघितली, नाहीतरी षटकोनी चावी (एलन की) हाताशीच होती. मग संगिताचं माप बरोबर आहे का एवढंच बघायला, पाय टाकून बसले. दोन्ही हात लिव्हरपर्यंत पोचले. कोपर किंचित वाकलेलं, जसं असावं म्हणून जतीनभाई सांगतात तसं. संगिताचं माप आजवर चुकलेलं नाही.

आतून अमृतचा आवाज आला का, ते बघायला वळले. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.  मी उतरले नाही.

24 फेब्रुवारी

शाळेच्या आवारात एकच सायकल होती, सिस्टरांची, मोठी काळी. शनिवारी डायरी चांगली असेल त्या मुलीला एक फेरी मिळायची. मी हवामानावर फार सुंदर लिहायची.

आज सकाळी सलवारीच्या उजव्या पायाला रबर बँड लावून समुद्राच्या रस्त्याने गेले. सुरूच्या झाडांपाशी एकदा गिअर बदलून बघितला. टिचकी वाजली, चेन एक दाता बाजूला सरकली, आणि पाय हलके झाले. एवढीशी गोष्ट. पण ती चेन मी लावली आहे, ती वायर मी ओढली आहे. पारनाक्याला एक बाई भाजीची टोपली घेऊन उभी होती, म्हणाली, “चालली कुठे?” मी म्हटलं, “कुठेच नाही.”

पाऊण तास झाला. त्या पाऊण तासात मला अमृतच्या गोळ्यांची वेळ एकदाही आठवली नाही. घरी आल्यावर हे लक्षात आलं आणि आधी गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. त्याने गोळ्या स्वतः घेतल्या होत्या. कमळी म्हणाली, “काकांनी घड्याळ लावलेलं. त्यांनाबी कळतंय.”

5 मार्च

आता दिवस असा. पहाटे सीट सहा सेंटिमीटर वर, सायकल स्टँडवर, अमृतची वीस मिनिटं. मग सीट खाली, माझा तास. दोघांच्या मापांवर मी नळीला दोन बारीक पट्ट्या चिकटवल्या आहेत. त्याच्या वीस मिनिटांत मी चहा पिते आणि तो मला गिअर शिकवतो. चढ लागायच्या आधी बदल, लागल्यावर नाही. उठून मारू नकोस, बसून चालव. मी म्हणते, तुमच्या वेळी तर सहाच गिअर होते. तो म्हणतो, “म्हणून तर विचार करावा लागायचा.”

10 मार्च

कोसबाड झालं नाही.

खालपर्यंत झकास गेले. चढ सुरू झाला, एकेक गिअर हलका करत गेले, आणि निम्म्यावरच सगळे गिअर संपले. अजून टेकडी शिल्लक आणि माझ्याकडे बदलायला काही नाही. गुडघे भरून आले. उतरून सायकल ढकलत वर नेली. गवताचे भारे घेऊन दोन बायका उतरत होत्या. एक म्हणाली, “पंचर झाली का?” मी हो म्हटलं.

अमृतला सांगितलं, माझं वय झालं.  मग म्हणाला, “जतीनभाई 34 म्हणाले होते. त्यावर इतकं जड जाणार नाही. मोज.”

“काय मोजू?”

“पुढचे दाते.”

खडूने एका दात्यावर खूण केली आणि मोजले. 38. पुन्हा मोजले. 38.

12 मार्च

जतीनभाईंची चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती. दुकानात तिच्याकडे बघत आम्ही दोघं उभे.

“भाभी, मी तर चौतीस लिहिलंय.”

“हे अडतीस आहे.”

“हे? हा चार छे.”

ते उंबरगावला गुजराती शाळेत शिकलेले. त्यांचा गुजराती वळणाचा ४ वरून थोडा जुळून आला होता, आणि माझ्या डोळ्यांना तो सरळ इंग्रजी 8 दिसला. तीनही दोन्हीकडे सारखाच. पाच बोल्ट तेच, भोकं तीच, चकती बसली अशी की जणू तिच्यासाठीच केलेली. चार महिने कुणालाच काही खटकलं नाही, कारण ओट्यावर चढ नसतो.

“मुंबईवाल्याने पण पाठवली ने लगेच,” जतीनभाई म्हणाले.

“त्याला वाटलं रायडर आहेत.”

ते हसत हसत स्टुलावरच बसले. मग 34 ची चकती खणातून काढली. पाच बोल्ट मी स्वतः आवळले, एक सोडून एक, म्हणजे चकती वाकडी बसत नाही. चेनच्या दोन कड्या कमी केल्या. लहानपणी मराठीच्या बाई माझ्याबद्दल म्हणायच्या, हिरकणीला आकडे इंग्रजीतच दिसतात. मला वाटायचं कौतुक करतात.

घरी सांगितल्यावर अमृत म्हणाला, “वय झालं म्हणत होतीस ना? चार दात्यांनी कमी झालं.”

24 मार्च, रविवार

आज कोसबाड.

अमृत मागे राहायला तयार नव्हता. पांड्याच्या रिक्षात उजव्या बाजूला बसला, मांडीवर पाण्याची बाटली. ठरलं असं की रिक्षा माझ्या शेजारून हळू चालेल आणि तो गिअर सांगेल. पांड्या म्हणाला, “काकी, माझी रिक्षा एवढी हळू गेली तर लोक बसायला येतील.”

उन्हाच्या आत निघालो. खाली भाजीच्या वाफ्यांना पाणी चालू होतं. चढ लागायच्या आधीच अमृतने बोट वर केलं आणि म्हणाला, लहान चकती. बदलली. मग मागे एक, आणखी एक. त्याचा तो बारीक आवाज रिक्षाच्या फटफटीत विरून जाईल अशी मला भीती होती, पण नीट ऐकू येत होता. पहिल्या वळणावर आंब्याला कैऱ्या लागलेल्या. मागच्या वेळी मी उतरले होते ती जागा आली, तिथे माझ्याकडे अजून दोन गिअर शिल्लक होते. ते माहीत असल्याने पाय शांत होते.

टेकडीवरच्या शाळेच्या वळणाला समोरून जीप आली. रिक्षा पुढे गेली, मी कडेला सरकले. त्यानंतरचा चढ सर्वांत उभा. श्वास तोंडाने चालला होता. मी उठून पायडल मारायला लागणार, तेवढ्यात अमृतचं ऐकू आलं: आता एक खाली. बसून चालव. बसले. टिचकी वाजली. पुढे सपाटी लागायच्या जरा आधी पुन्हा: हलका ठेव, घाई नको. तसंच केलं. आणि मग चढ संपला. काही मोठं झालं नाही, फक्त पुढचं चाक खाली झुकलं आणि समोर दूरवर समुद्राची रेघ दिसली.

झाडाखाली रिक्षा उभी होती. अमृत आत बसलेला, पांड्या बाहेर रिक्षाला टेकून कलिंगडाची फोड खात होता. मी सायकल झाडाला लावली आणि अमृतच्या हातातून बाटली घेतली. अर्धी प्यायले तेव्हा कुठे बोलता आलं.

“वळणानंतर तुम्ही अगदी वेळेवर सांगितलंत.”

अमृतने पांड्याकडे पाहिलं.

“काकी, आम्ही वळणानंतर थांबलोच नाय,” पांड्या म्हणाला. “जीप गेली तशी गाडी थेट वर आणली. दहा मिनिटं झाली इथे बसून. काका तं एक शब्द बोलले नाय.”

“पण मी ऐकलं,” मी म्हटलं.

अमृतने विचारलं, “काय ऐकलंस?”

“आता एक खाली. बसून चालव.”

त्याने टेकडीच्या रस्त्याकडे पाहिलं, जिथून मी आले होते तिकडे. उजवा हात मांडीवर थरथरत होता. मग म्हणाला, “बरोबर आहे. तिथे मी तेच सांगितलं असतं.”